उंबऱ्याबाहेरचा प्रश्न

नारीन,
एप्रिलचा दुसरा आठवडा

प्रिय बेर्मेत,

आधी आपाचा निरोप, नाहीतर आई मला हे पाकीट चिकटवू द्यायची नाही. ‘त्या पोरीला विचार, जेवतेस की नुसतीच कॉफी ढोसतेस? गेल्या वेळी आली तेव्हा गालफडं बसली होती.’ आईचा निरोप पोचवला, माझी जबाबदारी संपली. मी मजेत आहे. जाडी झालेय, रोज कुणाशी ना कुणाशी भांडतेय आणि झोप उत्तम लागतेय. नारीनच्या बाजारामागे चपलांच्या दुकानावर माझी कचेरी आहे. जिना इतका अरुंद, की जाडजूड अशील आला तर मलाच खाली उतरून फुटपाथवर त्याचं ऐकून घ्यावं लागतं. दारावर मी मोठ्या हौसेने आपली पदवी लावली, ‘कायदा आणि आंतरराष्ट्रीय विकास’, सोनेरी अक्षरांत. पहिल्याच दिवशी एक म्हातारी आली, चष्मा सावरत पाटी वाचली आणि म्हणाली, ‘विकास राहू दे गं बाई, माझ्या जावयाने गाय नेलीय ती तेवढी परत आणून दे.’ आणली. तेव्हापासून माझं बरं चाललंय.

अक-बेलच्या खटल्याबद्दल तुझ्या कानावर आलंच असेल, कारण तो तुमच्याच प्रकल्पावर आहे आणि गावाच्या बाजूने मी उभी आहे. जून लागला की आमचं चोन-आर्चा गाव मेंढ्या, घोडे, पोरंबाळं आणि चुली घेऊन अक-बेलच्या कुरणावर जातं आणि गवत पिवळं पडलं की खाली उतरतं. त्या कुरणाचा खालचा तुकडा तुम्हाला वीस वर्षांसाठी हवाय, कुंपण घालून चाऱ्याची नमुना शेती करायला, म्हणजे दूध कारखान्याला दूध मिळेल. नकाशावर तो तुकडा अगदीच एवढासा दिसतो. पण झरा त्यातच आहे. झरा कुंपणात गेला की वरचं कुरण नुसतं लांबून बघायचं. मेंढ्यांना गवत मिळेल, पाणी मिळणार नाही, म्हणजे मेंढ्या विकायच्या आणि मेंढ्या विकल्या की तरुण पोरं रशियाची वाट धरणार. मेच्या अखेरीला सुनावणी आहे, कळप वर चढायच्या आधी. हरलो तर यंदाच्या उन्हाळ्यातच खांब रोवले जातील.

पण खटल्याचं पुढे सांगते. परवा कपाट आवरताना आपल्या वर्गाचा फोटो सापडला आणि मी अर्धा दिवस कामाला हात लावला नाही. बिश्केकचा तो वर्ग, खिडकीची काच फुटलेली आणि मारीकेबाई कोट घालूनच शिकवायला उभ्या! पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली ओळख करून द्यायची होती. तू उठलीस आणि इतक्या झोकात इंग्रजी बोललीस, की मला वाटलं ही बाई चुकून विद्यार्थ्यांच्या बाकावर बसलीय. मग मधल्या सुट्टीत येऊन मला विचारलंस, ‘तुमच्या गावात वीज असते का गं?’ मी म्हणाले, ‘असते ना. शहरातले पाहुणे येणार असले की मुद्दाम आणवतो.’ तू इतकी हसलीस की चहा नाकातून आला. त्या दिवसापासून दोन वर्षं आपण एका बाकावर आणि एका खोलीत. तू मला तळटीपा कशा द्यायच्या ते शिकवलंस, मी तुला हॉस्टेलच्या शेगडीवर शेवया लाटायला शिकवलं. तळटीपा मला आल्या. तुझ्या शेवया अजून दोरखंडासारख्याच होत असणार, पैज लावते.

‘विकास’ या एका शब्दावरून आपण जेवढ्या भांडलो तेवढे नवरा-बायकोही भांडत नसतील. तुझं म्हणणं, गावाला दवाखाना हवा, नळ हवा, रस्ता हवा, आणि जो हे सगळं आणून देतोय त्याच्या पायात पाय घालू नका. माझं म्हणणं, ज्याच्या दारातून रस्ता जाणार त्याला आधी विचारा. तू म्हणायचीस, ‘विचारत बसलीस तर तुझी नातवंडंसुद्धा चिखलातूनच शाळेत जातील.’ मी म्हणायचे, ‘जाऊ देत, पण चिखल त्यांचा असेल.’ मारीकेबाई दोघींचं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, ‘तुम्ही दोघी बरोबर आहात, म्हणून तर हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा ठेवलाय.’ आता वकिली करताना कळतं, की तूही निम्मी बरोबर होतीस. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

दुसऱ्या वर्षी आपला अख्खा वर्ग चोन-आर्चाला गेला होता, त्याची तर मला रोज आठवण येते. बाईंनी हॉलंडहून प्रश्नावली आणली होती, बायकांचा जमिनीवरचा हक्क या विषयावर. आपाने मेंढी कापली, दस्तरखान अंथरला, आळीतल्या झाडून साऱ्या बायका जमवल्या, आणि बाई बेशबार्माकचे घास घेत घेत एकेक प्रश्न विचारू लागल्या. घर कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या, पण आमचं काही म्हणणं नाही. माहेरच्या जमिनीत हिस्सा मिळाला? मिळाला की, भरपूर. सासरचे कसे आहेत? सोन्यासारखे. परतीच्या गाडीत बाई म्हणाल्या, इतकं सुखी गाव त्यांनी जगात कुठे पाहिलं नाही, आणि आपण दोघी हसू दाबता दाबता रडकुंडीला आलो. शेवटी तुलाच राहवेना. तू म्हणालीस, ‘बाई, तुम्ही त्यांचं अन्न खात होतात. जेवत्या पाहुण्यापुढे आमच्याकडे कुणी गाऱ्हाणं गात नाही, आणि त्याला नाही तर जीव गेला तरी म्हणत नाही. तुम्हाला खरं उत्तर हवं असेल ना, तर उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारा, नानचा तुकडा मोडायच्या आधी.’

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण त्या खऱ्या अभ्यासू. पुढच्याच आठवड्यात तुला दुभाषी म्हणून घेऊन त्या परत गेल्या, घरोघरी उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि चहाचा घोटसुद्धा घेतला नाही. आपाला तो अपमान वाटला. अजून वाटतो. ‘तुमची ती गोरी बाई माझ्या दारातून कोरड्या तोंडाने गेली,’ असं ती दर सणाला ऐकवते. पण उत्तरं बदलली! भरपूर हिस्सा मिळालेल्या त्या शेजारणीने भावांना अशा काही शिव्या घातल्या की भाषांतर करताना तुझे कान लाल झाले, आणि बाई विचारत राहिल्या, ‘काय म्हणाली? नेमकं काय म्हणाली?’ दोन वर्षांत आपण केवढी जाडजाड पुस्तकं वाचली. संमतीवर मला जे काही कळलंय ते मात्र तुझ्या त्या गाडीतल्या बोलण्यातून. हे मी बाईंनाही लिहून कळवलंय.

मग पदवी हातात पडली, तू प्रकल्पात गेलीस आणि मी इकडे आले. गावात अधूनमधून कुणीतरी खोचकपणे विचारतं, ‘काय गं, तुझी मैत्रीण त्या लोकांत कशी जाऊन बसली?’ मी त्यांना अशी झाडते की पुन्हा नाव काढत नाहीत. पलीकडच्या खोऱ्यातल्या गावांना नळ मिळाले ते तू साहेबांच्या मागे हात धुवून लागलीस म्हणून, हे त्यांना माहीत नाही, मला आहे. तिथल्या बायका तुझ्या नावाने दुवा देतात. तुझ्या जागी मी असते तर पहिल्याच महिन्यात कुणावर तरी फाइल भिरकावून घरी आले असते.

गेल्या ऑक्टोबरात तू सभेसाठी चोन-आर्चाला आलीस तेव्हा मी इथे कोर्टात अडकले होते. त्या दिवशी काय काय झालं ते मी नंतर एकेकाला खोदून खोदून विचारलं. सभा तुला शाळेत घ्यायची होती. टेबलं-खुर्च्या मांडून झाल्या होत्या. पण आपल्या लेकीची, साल्किनची, मैत्रीण गावात यायची आणि शाळेच्या गारठलेल्या खोलीत बसायची? आपाने तुझा हात धरला आणि तुला ओढत घरी नेलं. तू म्हणत होतीस, ‘आपा, आधी सभा होऊ द्या, मग येते की मी,’ आणि आपा म्हणत होती, ‘सभा कुठे पळून जातेय?’ तुझ्यामागे तुमचे दोन परदेशी साहेब आणि त्यांच्यामागे सगळा गाव. मेंढी सकाळीच कापलेली. थोरल्या साहेबापुढे मुंडकं ठेवलं तेव्हा त्याने कान कापून पोरांना दिला म्हणे, अगदी रीतीप्रमाणे. तूच पढवलं असणार. सगळे खूश. आणि जेवण निम्म्यावर आलं असताना त्याच साहेबाने नानचे तुकडे बाजूला सारले, दस्तरखानावर नकाशा पसरला आणि विचारलं, ‘कुणाची काही हरकत?’

कुणाची असणार? बायका चहा ओतत राहिल्या, पुरुष दाढ्या कुरवाळत राहिले. तुमच्या नियमांत लिहिलंय, की सभेत कुणी विरोध नोंदवला नाही तर गावाची संमती धरावी. धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी इमाश अक्साकाल, आमच्या ज्येष्ठांच्या पंचायतीचे प्रमुख, ठेवणीतली पांढरी टोपी घालून घोड्यावरून तुमच्या तालुक्याच्या कचेरीत गेले, गावाचं ‘नाही’ कळवायला. पाहुण्याने काही मागितलं आणि द्यायचं नसलं, तर तो घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी कळवायचं, ही रीत. त्यात त्यांना काही विशेष वाटलंच नाही. तिथला पोऱ्या म्हणाला, ‘आजोबा, सभा कालच झाली, तुम्ही सगळे राजी होतात.’ अक्साकाल चिडले. ‘अरे, काल कसा बोलणार? त्याच्या तोंडात आमचा घास होता ना!’ तो पोरगा इथलाच, त्याला सगळं कळलं असणार. पण तो तरी काय करणार, त्याने मान खाली घातली. अक्साकाल घोड्यावर बसून परत आले आणि दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं, की त्याला नाही म्हणताच येत नाही.

आपाला हे समजलं तेव्हा ती चुलीपुढे बसून राहिली. ‘माझ्या मेंढीने गावाचं कुरण घालवलं,’ म्हणाली. तिला तसं बसलेलं पाहून मला भयंकर राग आला, कुणाचा ते मला तेव्हा कळेना. मी म्हणाले, ‘आपा, मेंढीने काही केलं नाही. प्रश्न चुकीच्या जागी विचारला.’ आणि बोलता बोलता मला माझा खटला सापडला. कोर्टापुढे माझं म्हणणं एवढंच आहे. प्रकल्प गुंडाळा असं मी मागतच नाहीये. मी म्हणतेय, पुन्हा विचारा. दिवसाढवळ्या, शाळेच्या अंगणात, उभ्याउभ्याने, कुणी काही न खाता-पिता. कदाचित गाव झऱ्याला वाट सोडून अर्धा तुकडा देईलही. आमची तरुण पोरं दूध कारखान्यावर डोळा ठेवून आहेत, मी त्यांच्या आड कशाला येऊ? हो म्हणाले तर मी स्वतः करारावर बसून तुमचे मसुदे सुधारून देईन. तुमच्या मसुद्यांना त्याची गरज आहे.

विनोद असा, की कोर्टापेक्षा आपाला समजावणं जड जातंय. सभेला लोकांना बोलवायचं आणि पाणीसुद्धा विचारायचं नाही, हे ऐकून तिने कपाळाला हात लावला. ‘लोक काय म्हणतील? साल्किनने शिक्षण घेतलं आणि गावाला उपाशी बसवलं?’ मी म्हणाले, ‘हो, असंच म्हणतील.’ ‘मग निदान सुकामेवा?’ ‘नाही.’ ‘तळलेल्या बोरसोकची एकच परात?’ ‘आपा, एक बोरसोकसुद्धा नाही.’ आता तिने तोडगा काढलाय, सभा संपली रे संपली की तिथेच चूल पेटवायची. इमाश अक्साकालांनी तिला दुजोरा दिलाय. मी मान्य केलं. तडजोड कशी करायची हेही आपण शिकलोच होतो.

तुमचे वकील हुशार आहेत. मी त्यांचं लेखी म्हणणं वाचलं आणि दोन ठिकाणी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. ते म्हणतात, गावकऱ्यांचा विचार नंतर बदलला आणि आता रीतीरिवाजाची सबब पुढे करताहेत. माझे साक्षीदार कोण? इमाश अक्साकाल, आपा, शेजारीपाजारी, म्हणजे सगळे ज्यांचं कुरण आहे तेच. ते खरं बोलतील, पण त्यांच्या खऱ्याला वजन किती? न्यायाधीश बाई इकडच्याच आहेत. जेवत्या पाहुण्याला नाही म्हणत नाहीत हे त्यांना काय ठाऊक नसेल? त्यांच्या घरीही दस्तरखान अंथरला जातोच. पण न्यायाधीशाला नुसतं ठाऊक असून भागत नाही, कुणीतरी समोर उभं राहून शपथेवर ते सांगावं लागतं, आणि ज्याचा त्यात काही फायदा नाही अशा माणसाने सांगितलं तर सोन्याहून पिवळं. तरीही मला वाटतं, की मी जिंकेन. माझी बाजू खरी आहे आणि मी तयारी कसून केलीय. रात्रीच्या जेवणाला घरचे सगळे माझी उलटतपासणी सहन करतात.

परवा बोलता बोलता आपाने सहज एक गोष्ट सांगितली, जी तिला इतके महिने सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. त्या दिवशी निघताना साहेब गाडीत बसले आणि तू मागे राहिलीस. आपाचे दोन्ही हात धरून तू हळूच विचारलंस, ‘आपा, खरं सांगा. तुम्हा सगळ्यांना हे चालणार आहे ना?’ आणि आपा म्हणाली, ‘आधी हे घे, वाट लांबची आहे,’ आणि तुझ्या कोटाच्या खिशात बोरसोक कोंबले. तुझे डोळे भरून आले होते, असं ती म्हणते. तिला वाटलं, निरोप घेताना पोरी रडतातच. बेर्मेत, ते ऐकून मी बाहेर अंगणात गेले आणि मनसोक्त रडले. इतके महिने मी तुझ्यावर आतल्या आत धुमसत होते, तुझ्या बाजूने जगाशी भांडत होते आणि मनात तुझ्याशीही. तू विचारलं होतंस. उशिरा, चुकीच्या जागी, खिसे बोरसोकने भरलेले असताना, पण विचारलं होतंस. आपाने उत्तर का दिलं नाही हे तुला त्याच क्षणी कळलं असणार. आपल्या सबंध वर्गात ते पहिल्यांदा तुलाच कळलं होतं.

म्हणून हे पत्र. मेच्या सुनावणीत माझी साक्षीदार म्हणून तू मला हवी आहेस. मला कायद्याने तुझ्या नावे समन्स काढता येतं, पण मी ते काढणार नाही. तू गावाच्या बाजूने उभी राहिलीस तर प्रकल्पाच्या जिनिव्हाच्या कचेरीत तुला मिळू घातलेली ती जागा हातची जाईल, कदाचित नोकरीही, आणि त्याची भरपाई मी काही करू शकणार नाही. गेल्या मंगळवारी मी बिश्केकला आले होते. तुझ्या इमारतीखाली उभी होते. वरच्या खिडकीत तुझी आई गालिचा झटकत होती आणि मला खूप वर यावंसं वाटलं, तुला मिठी मारावीशी वाटली. पण जिना चढले असते तर तिने चहा टाकला असता, तू नान आणली असतीस, आणि मग मी विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. तसलं हो घेऊन मी कोर्टात कुठल्या तोंडाने उभी राहू? मागे वळले, मिनीबस पकडली आणि उपाशीपोटी घरी आले. तुझ्या घरचा पाण्याचा घोटसुद्धा माझ्या पोटात नाही. आता सांग बेर्मेत, येशील? आणि नाही म्हणायचं असेल तर खुशाल नाही म्हण.

उत्तर काहीही आलं तरी तुझीच,
साल्किन